घर गावाच्या कोणत्या बाजूला?

माझ्या मुलीला ज्याच्याशी लग्न करायचं आहे, त्याची आजी लंडनच्या क्रॉयडन भागात राहते. त्याला आईवडील नाहीत, तिनेच वाढवलंय, त्यामुळे होकार द्यायचा तो तिने आणि मी. गेल्या रविवारी मुलगी मला मँचेस्टरहून तिकडे घेऊन गेली. तिथल्या ट्राममध्येच तिने बजावलं, "बाबा, प्लीज, आज लेक्चर नको." विहारात जयंतीला जातिअंतावर भाषण करायला मलाच उभं करतात आणि एकदा सुरू झालो की मी लवकर खाली बसत नाही.

आजीबाई मूळच्या त्रिनिदादच्या. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यावर राबायला कराराने बोटीतून गेलेले. घरात भोजपुरी चालायची, पण मिशनच्या शाळेत ती तोंडातून निघाली तर छडी. वडिलांना त्याच शाळेत मास्तर व्हायचं होतं, म्हणून ते ख्रिस्ती झाले. अंगणात बांबूवर मारुतीचं लाल निशाण मात्र फडकतच राहिलं. बहिणीने मुसलमानाशी लग्न केलं. दिवाळी, ईद, नाताळ, सगळे सगळ्यांच्या घरी जेवायला. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, पण ‘आजी’ त्याही आपल्यासारखंच म्हणत होत्या. मी हरखून गेलो, दुसरी डाळपुरी मागून घेतली.

आणि मग माझी जीभ वळवळली. "मूळचं आडनाव काय तुमचं?" त्या म्हणाल्या, मळ्यावरच्या कारकुनाने पणजोबांचं नावच आडनाव म्हणून लिहिलं. त्यातून काही कळेना. "गाव कुठलं?" बिहारकडचं असेल, म्हणाल्या. तिथे गप्प बसायला हवं होतं. मी विचारलं, "गावात घर कोणत्या बाजूला होतं, काही ऐकलंय का?"

मराठी माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आडनावाने जात कळली नाही, गावाने कळली नाही, की हा येतो. आमची वस्ती गावाबाहेर असायची ना! माझ्या आईला तो विचारला गेला. पुण्यात खोली शोधताना मला विचारला गेला. इथे मराठी मंडळाच्या फराळाला एका डॉक्टरीणबाईंनी हातात चकली घेऊन विचारला, तेव्हा घरी येऊन मी कितीतरी दिवस धुमसत होतो. आणि आता तोच प्रश्न मी एका म्हाताऱ्या बाईला, तिच्याच घरात, तिचंच खाता खाता विचारला होता.

मनात मी स्वतःची समजूत घालत होतो, की ही माणसं वरच्या जातीची निघाली तर उद्या माझ्या पोरीला हिणवतील, म्हणून विचारतोय. ते खोटंही नव्हतं.

आजीबाईंना प्रश्न कळला. इतक्या पिढ्या समुद्रापलीकडे काढूनही बरोबर कळला. त्यांनी बशी खाली ठेवली, गुडघ्यांवरचा झगा सारखा केला. मुलगी माझ्या शेजारीच होती, स्वयंपाकघरात नातू चहा करत होता, त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "आम्हाला खरंच ठाऊक नाही. घरात कुणी बोललंच नाही त्यावर. आम्ही खालचे निघालो, तर तुम्ही मुलगी देणार नाही का?"

"छे, छे!" मी म्हणालो. आम्ही बौद्ध, आम्ही जात मानत नाही, वगैरे पुष्कळ बोललो. त्या मान डोलावत होत्या. तोवर मला ‘बेटा’ म्हणत होत्या, त्यानंतर ‘सर’ म्हणू लागल्या. शरमेने मला वर बघवेना.

परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, शी वॉज स्केअर्ड. आणि तू लगेच नो म्हणाला नाहीस."

"अगं, दचकलो मी."

"नाही. तू स्माइल करत होतास."

हसलो होतो खरा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर जातीपायी घाबरून बसलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं.