तांबट आळीतली झोप

उभ्या पुण्यात आमच्या माडीवरच्या पंतांइतका संशयी माणूस दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर पंतांनी त्याच्यावरही नजर ठेवली असती. मी कसब्यातला वैद्य. तळमजल्यावर मी, माडीवर पंत, त्यांची बायको आणि तान्ही मुलगी, आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, सगळी तांबट आळी. पंत श्रीमंत पेशव्यांच्या फडात, म्हणजे दप्तरखान्यात, कारकून होते. कोकणातून घाट चढून येताना वाटेत कोणीतरी आपल्याला मुद्दाम लांबचा रस्ता दाखवला, हा त्यांचा संशय पुण्यात इतकी वर्षे काढूनही गेला नव्हता. देवळात जाताना ते एक वहाण पाराखाली ठेवीत आणि दुसरी पलीकडच्या बोळात कोणाच्या तरी ओट्याखाली, कारण चोराला जोडी लागते. दर्शनापेक्षा वहाणा गोळा करण्यातच जास्त वेळ जाई, आणि दुसरी वहाण कुठे ठेवली ते आठवेनासे झाले की पहिला संशय पुजाऱ्यावर. दुपारी माझ्या ओट्यावर टेकून डुलकी लागली तरी ते एक डोळा उघडा ठेवीत. एक डोळा उघडा ठेवून झोप लागत नाही हे वैद्य म्हणून मला कळते. पण पंतांना लागत असावी, कारण ते चांगले घोरत.

मुलगी झाली तेव्हा घरात वडीलधारे बाईमाणूस नव्हते. वहिनींची आई केव्हाच गेलेली, आणि पंतांच्या आईला आता घाट चढवत नव्हता. सगळा भार दोघांवर आला, म्हणून पंतांनी वेळेची शिस्त लावली. माजघरात पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ ठेवून त्यात घटिकापात्र सोडले. बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी. भरून बुडाली की घटका झाली. एकदा बुडेपर्यंत मूल वहिनींकडे, पुन्हा बुडेपर्यंत पंतांकडे. न्याय चोख होता, पण आपल्या पाळीला वाटी मुद्दाम रेंगाळते असे पंतांना दुसऱ्याच दिवशी वाटू लागले. ती घडवणाऱ्या समोरच्या म्हाताऱ्या तांबटासमोर उभे राहून त्यांनी भोक डोळ्याला लावून पाहिले. वाटी माणसे ओळखत नाही, एवढेच म्हातारा म्हणाला आणि कामाला लागला.

सोवळ्याचा जाच आणखी वेगळा. वहिनी पोरीत अडकल्या की पंत आंघोळ करून, सोवळे नेसून भाताला बसत. आधण येते न येते तोच पोर टाहो फोडी. पंत तिला उचलीत आणि सोवळे मोडे. बऱ्याचदा नुसते मोडत नसे, ओलेही होई. पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळे, पुन्हा आधण. हिला बरोबर भाताची वेळ कळते कशी, कोणी आतून सांगते की काय, असे त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारले होते. फडावर ते कायम ओल्या शेंडीने पोचत. दुपटी धुवायला पहाटे आडावर जात, कोणी पाहू नये म्हणून, आणि कोण पाहते आहे हे तपासायला इतक्यांदा मागे वळत की आळीतल्या बायका मुद्दाम लवकर उठू लागल्या. पुरुषाने दुपटी पिळावी हे तेव्हा हसण्यासारखेच होते. मीही हसलो. पण खरे सांगतो, चोरासारखी मान वळवत दुपटी पिळणारा तो माणूस मला फार आवडे.

पोरीचे तंत्र असे की ती दिवसभर गाढ झोपे आणि दिवेलागणीला जी उठे ती घर डोक्यावर घेई. आता तांबट आळीत दिवसभर हातोडे चालतात. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला यजमानाचे बोलणे ऐकू येत नाही, नुसते ओठ दिसतात. अशा गोंगाटात तान्हे मूल झोपते कसे? पंतांना एकच उत्तर दिसले, अफू. पोराला अफूचा कण चाटवून निजवणारे लोक असतात हे खरेच. आता कोण चाटवतो तेवढे शोधायचे होते. पहिली गेली गवळण, कारण ती पोरीकडे पाहून हसली होती. मग न्हाऊ घालणारी बाई गेली. तेल चोळता चोळता ती ‘आता बघा कशी झोपते’ म्हणाली होती, आणि पंतांच्या लेखी हा कबुलीजबाब होता. उरलो मी. माझी बाळगुटी त्यांनी एका सकाळी स्वतः चाटली आणि परिणाम पाहायला भिंतीला टेकून बसले. कित्येक रात्री पोरीला खांद्यावर घेऊन येरझारा घातलेला माणूस भिंतीला टेकला की काय व्हायचे ते झाले. उन्हे कलल्यावर गालावर चटईचे वळ घेऊन ते खाली आले. “वैद्यबुवा, पुरावा मिळाला,” ते म्हणाले. मी संतापलो. माझ्या वडिलांच्या हातची ती गुटी, तिच्यावर निम्मा कसबा वाढला. मी त्यांना जिना दाखवला आणि वर पाहायचेच सोडून दिले.

वर पाहायला हवे होते, कारण या सगळ्या चौकशीत वहिनी वाळत चालल्या होत्या. मदतीचे प्रत्येक माणूस गेलेले. दळण, कांडण, आडाचे पाणी, सगळे पोर झोपलेली असताना उरकायचे, आणि ती उठली की पुन्हा तिचेच करायचे. अशात समोरच्या म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ वारला. आळीतले सगळे तांबट एकमेकांचे भाऊबंद, सगळ्यांना सुतक. भट्ट्या विझल्या, हातोडे थांबले, आळी गप्प झाली. पंतांना त्या शांततेचाही संशय आला, काहीतरी शिजते आहे म्हणाले. आणि पोरीने दिवसाही झोपणे सोडले. काही दिवसांनी वहिनी तापाने अंथरुणाला खिळल्या आणि पंत मान खाली घालून मला बोलवायला आले. मी नाडी पाहिली. “पंत, यांना औषध नको, झोप हवी,” मी म्हणालो. “ती मिळाली नाही तर माझ्याकडे दुसरे काही नाही.” या वेळी पंतांनी शंका काढली नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

त्याच दुपारी मी खाली काढा उकळत होतो. वर पोर रडत होती. तेवढ्यात जिन्यावरून पाण्याचा तांब्या ठणठणत खाली आला. पंतांच्या हातून निसटला असेल म्हणून मी गप्प राहिलो, पण वर रडणेही गप्प झाले होते. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झाले आणि तांब्या दुसऱ्यांदा खाली आला. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मी बाहेर पडलो. जिन्याच्या टोकाला पंत पोरीला कडेवर घेऊन उभे होते आणि तांब्याकडे अशा नजरेने पाहत होते जणू त्यानेच अफू चारली. जन्मापासून हातोड्यांच्या ठोक्यांवर निजलेली ती पोर. आवाज थांबला तशी तिची झोपही थांबली होती, आणि आम्ही दोघे शहाणे गुटीवरून भांडत बसलो होतो.

पंत तडक आत गेले. घंगाळातले पाणी त्यांनी मोरीत ओतले, घटिकापात्र कोनाड्यात भिरकावले, घंगाळ पालथे घातले आणि खलबत्त्याच्या बत्त्याने त्यावर घाव घालू लागले. पण पोर फसली नाही. पंत घाव घालीत ते भांडण काढल्यासारखे, कधी भराभर, कधी थबकून, आणि ती आणखीच रडे. तेव्हा समोरचा म्हातारा दार उघडून बाहेर आला. सुतक होते म्हणून तो आमच्या अंगणाबाहेरच थांबला आणि वर पाहून म्हणाला, “पंत, मी काठी आपटतो. काठी पडली की हाणा, नाहीतर हात वरच ठेवा.”

पंत खिडकीत आले. सवय कुठे जाते? “यात तुमचा काय फायदा?” त्यांनी विचारले.

म्हातारा म्हणाला, “भाऊ गेल्यापासून घर फार गप्प आहे, पंत. माझ्याही कानाला बरे वाटेल.”

पंतांनी मान हलवली आणि आत गेले. खाली काठी पडे, वर घाव पडे. फडातला कारकून धोतर खोचून, घामाने डबडबून, दुसऱ्याच्या शब्दावर हात उचलत होता. हळूहळू पोरीचा आवाज बसला. मग ती झोपली. मग वहिनीही झोपल्या, त्या ठोक्यांच्या शेजारी, तोंडावर हात घेऊन. उन्हे उतरेपर्यंत म्हातारा हलला नाही आणि पंत थांबले नाहीत. सुतक फिटेपर्यंत रोज दुपारी हेच चालले. वहिनी उठून बसल्या त्या दिवशी मी माझ्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

घंगाळाला इतके पोचे आले की ते पुढे कधी सरळ बसले नाही. घटिकापात्र पोरीचे खेळणे झाले आणि पाळ्या मोजणे बंद पडले. जो जवळ असेल तो उचली. न्हाऊ घालणाऱ्या बाईला पंतांनी स्वतः जाऊन परत आणले. गवळणही आली, हसायचे नाही या अटीवर. गुटीवरचा आरोप मात्र त्यांनी आजतागायत मागे घेतलेला नाही.

त्या पोरीचे लग्न जमवताना पंत वरपक्षाचे सात पिढ्यांचे दप्तर काढणार अशी आमची सगळ्यांची खात्री होती. त्यांनी एकच विचारले, तुमच्या घराजवळ तांबट आहेत का? एक आहे, म्हातारा आहे, असे ते लोक म्हणाले, आणि पंतांनी होकार दिला. पोर वाईला नांदायला गेली तेव्हा बाकीच्या भांड्यांबरोबर ते पोचे पडलेले घंगाळही गेले.

आता पंत फडावर जात नाहीत. दुपारी माझ्या ओट्यावर येऊन टेकतात. दोन्ही वहाणा ओट्याखाली शेजारी शेजारी काढलेल्या असतात आणि दोन्ही डोळे मिटलेले असतात. समोर म्हाताऱ्याचा मुलगा हातोडा चालवतो. काल तो पाणी प्यायला उठला आणि ठोके थांबले, तसे पंत दचकून जागे झाले आणि माडीकडे पाहून मला म्हणाले, “उठली का हो?”

मी म्हणालो, “नाही. निजली आहे अजून.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग काही न विचारता पुन्हा डोळे मिटले.