जेवणाच्या रकान्यातलं शून्य

प्रार्थनेत मला फारसं काही जाणवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभे राहणारे लोक सांगतात की त्यांच्या अंगावर शहारे आले, डोळ्यांना धारा लागल्या. मी गेली चाळीस वर्षं उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतो आणि मला बहुतेक वेळा पंख्याचा आवाज ऐकू येतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात अंदाजपत्रकं करण्यात गेली. कालवा किती लांब, माती किती खणायची, सिमेंट किती लागणार, आणि शेवटी अनपेक्षित खर्चासाठी थोडी टक्केवारी. माझा विश्वासही त्याच साच्यातला आहे असं बायकोचं मत. "तुम्हाले स्वर्गात घेतलं तरी तुम्ही आधी पायऱ्या मोजसान," असं ती चारचौघांत म्हणते आणि लोक हसतात. मीही हसतो, कारण ते खरं आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळीनं भिवापूरच्या पुढच्या एका खेड्यात सेवाफेरी काढायचं ठरवलं. त्या गावात आपली सात घरं आहेत. प्रार्थनाघर नाही, शांताबाई नावाच्या एका विधवा बाईंच्या अंगणात सगळे जमतात. बेत असा होता की अठरा जणांनी चार दिवस तिथं राहायचं, गावातल्या सगळ्यांचे डोळे तपासायचे, गरजूंना चष्मे द्यायचे, मुलांना गाणी शिकवायची आणि संध्याकाळी प्रार्थना घ्यायची. आमच्या शहरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या आमच्याच एका ताई यायला तयार होत्या. आमचे पाळकसाहेब तरुण आणि उत्साही. कमिटीच्या बैठकीत कुणी खर्चाचं विचारलं की ते म्हणायचे, "देव पुरवील." मी म्हणालो, "पुरवीलच, पण किती आणि कोणत्या तारखेला ते कळलं तर बरं." बुरूज बांधण्याआधी खर्चाचा विचार करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूनंच दिलाय, हेही मी ऐकवलं. झालं, अंदाजपत्रक माझ्या गळ्यात पडलं.

मी ते मन लावून केलं. गाडी, डिझेल, औषधं, चष्मे, सतरंज्या, मांडव, पाण्याचे जार. बेरीज जमलेल्या वर्गणीच्या बरीच वर गेली. तेव्हा मी नोकरीत शिकलेला उपाय केला, म्हणजे एकेक रकाना कापत गेलो. जेवणाशी आलो आणि थांबायची गरजच पडली नाही. आमच्यात पूर्वीपासूनची रीत अशी की मंडळीतले लोक खेड्यावर गेले की यजमानांच्या घरी जेवतात. माझे वडील खांद्यावर वळकटी टाकून अशा फेऱ्यांना जायचे आणि घरोघर जेवून यायचे. तरी खात्री म्हणून मी शांताबाईंना फोन केला. "या ना भाऊ, अठरा या नाही तर अठ्ठावीस या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी भाकरीची कमी हाय का?" मी जेवणाच्या रकान्यात शून्य लिहिलं. बेरीज वर्गणीत बसली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

बायकोला मात्र ते पटलं नाही. "फोनवर कोनी नाही म्हणते का? एकदा जाऊन तर पाहा," म्हणाली. मलाही मांडवासाठी अंगणाचं माप हवंच होतं. म्हणून एका सकाळी मापाची टेप पिशवीत टाकून मी एसटीनं निघालो. भिवापूर सोडल्यावर डोळा लागला. वाहकाच्या आवाजानं दचकून जागा झालो, पिशवी उचलली आणि घाईघाईनं उतरलो. गाडी धूळ उडवत गेली तेव्हा ध्यानात आलं की हा आपला फाटा नव्हेच. आपलं गाव तीन किलोमीटर पुढं होतं. पुढची गाडी दोन तासांनी, आणि मोबाइलला रेंज नाही. दुसऱ्यांना वेळापत्रक शिकवणाऱ्या माणसाची ही गत झाल्यावर मला स्वतःचाच राग आला.

रस्त्याच्या पलीकडे मिरचीचा सातरा होता. आमच्या भागात सातऱ्यावर मिरची वाळत घालतात आणि बायका ओळीनं बसून देठ खुडतात. सगळं आवार लाल झालं होतं. मी सावली बघून जवळ गेलो आणि मिरचीच्या खाटानं मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी थांबेना. एक पन्नाशीची बाई ओळीतून उठली. तिनं मला शेडखाली बसवलं, पाणी दिलं आणि पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून हातावर ठेवला. "चावू नोका, चघळा," म्हणाली. मागून आलेल्या एकीला तिनं "जय भीम" केला आणि पुन्हा पाटीपाशी जाऊन बसली. बोलतानाही तिचा हात थांबत नव्हता.

"कोणाकडे जाऊन राहिले भाऊ?" तिनं विचारलं.

मी शांताबाईंचं नाव सांगितलं. ती हसली. बाजूची रिकामी जागा दाखवून म्हणाली, "हे तिचीच पाटी. आज दळण दळायले गेली. अठरा पावण्याचं दळण हाय, लहान गोष्ट नाही."

मी त्या पाहुण्यांपैकी आहे हे सांगावंसं वाटेना. ती आपणहून सांगत गेली. सातऱ्यावरचा मुकादम कडक आहे. सलग तीन दिवस कुणी आलं नाही तर तो तिची पाटी दुसरीला देतो, आणि मग अख्खा हंगाम घरी बसावं लागतं. शांताबाईंचं वर्षाचं मीठमिरचीपासून औषधापर्यंतचं सगळं या हंगामावर चालतं. आणि पाहुणे तर चार दिवस राहणार. म्हणून या बाजूच्या चौघींनी ठरवलं होतं की आपलं काम सांभाळून आळीपाळीनं तिच्या पाटीवर बसायचं. मुकादमानं अजून हो म्हटलं नव्हतं.

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर पाटी गेली. पाहू, पाया पडू त्याच्या."

"पण मग तिनं पाहुण्यांना सांगितलं का नाही?"

तिनं पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "काहून सांगन? पावण्यायले असं सांगतेत का कोनी?"

मी गूळ चघळत बसून राहिलो. मला लाज वाटली, आणि ती अंगभर वाटली. मी जे शून्य लिहिलं होतं ते शून्य नव्हतंच. तो खर्च मी कापला नव्हता, फक्त ज्या बाईला तो सर्वात जड जाणार होता तिच्या डोक्यावर ठेवला होता. ठेवताना तिला विचारलंही होतं, अशा रीतीनं की तिला नाही म्हणता येऊ नये. आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की आम्ही देवाची प्रीती घेऊन येत आहोत. इथं चार बायका, आमच्या मंडळीशी कसलाही संबंध नसलेल्या, ती प्रीती आमच्या आधीच वाटून घेऊन बसल्या होत्या. माझ्या तोंडून प्रार्थना निघाली नाही. पण आजूबाजूला बायकांचा एवढा गलका असून मला काही ऐकू येत नव्हतं, हे मला नीट आठवतं.

उरलेलं अंतर चालत गेलो. शांताबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन येताना वाटेतच भेटल्या. मी कुठून आलो ते सांगितलं नाही. अंगण मोजल्याचं नाटक केलं आणि बोलता बोलता विचारलं की सातऱ्याला सुट्टी कधी असते. "बाजाराच्या दिवशी," त्या म्हणाल्या. तेवढं टिपून घेऊन परत आलो.

कमिटीत मी नवा बेत मांडला: अठराऐवजी आठ जण, चारऐवजी एकच दिवस, तोही बाजाराचा, आणि जेवणाचे डबे आपले आपण न्यायचे. सगळे चिडले. चार दिवसांचा बॅनर छापून झाला होता. एक जण म्हणाला, एवढ्यासाठी एवढं लांब जायचं तर घरी बसलेलं काय वाईट. मग मी सातऱ्यावर जे ऐकलं ते सांगितलं. शून्य मीच लिहिलं होतं हेही सांगितलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "पण तुम्ही तिथं उतरलात कसे?"

"चुकून," मी म्हणालो.

"चुकून," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. नवा बेत मंजूर झाला.

बाजाराच्या दिवशी आम्ही आठ जण गेलो, त्यात माझी बायकोही होती. सुट्टीमुळे सातऱ्याची शेड रिकामी होती, आणि ती आम्हाला वापरायला दिली खुद्द मुकादमानं. ताईंनी सर्वांत आधी त्याचेच डोळे तपासले. त्याला चष्मा लागला. खूप माणसं आली. मी ओळीत त्या गूळ देणाऱ्या बाईला शोधत होतो. ती लेकीकडे गेली होती असं कळलं. तिचं नाव विचारायचं पहिल्या भेटीत राहून गेलं होतं, ते त्या दिवशीही राहिलं.

दुपारी शांताबाईंच्या अंगणात आम्ही पुरीभाजीचे डबे उघडले. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यामागे चुलीवर भाताचं मोठं पातेलं दिसत होतं, वरण होतं, वांग्याची भाजी होती. आठ माणसांना पुरेल एवढं होतं सगळं. त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, माह्या घरचं एका दिवसाचंही चालत नाही का तुम्हाले?"

मी हातातल्या डब्याचं झाकण परत लावलं. आधी मी त्यांना विचारल्यासारखं करून सगळं त्यांच्यावर टाकलं होतं, आणि आता त्यांचा द्यायचा हक्कच काढून घेतला होता. दोन्ही वेळा हिशेब माझा बिनचूक होता. माझ्या बायकोनं मात्र माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "उचला वं ते डबे," ती बाकीच्या बायकांना म्हणाली आणि सरळ चुलीपाशी जाऊन ताटं मांडायला लागली. आम्ही पोटभर जेवलो. भाजी तिखट होती, सगळ्यांच्या नाकाला पाणी आलं, आणि ते बघून शांताबाई मनापासून हसल्या. मागितलं नसताना मिळालेलं खाली मान घालून घ्यावं, एवढं मला त्या ताटावर कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

निघताना मी पुन्हा बंद केलेले डबे त्यांच्यापुढे ठेवले. म्हणालो, "हे उद्या सातऱ्यावर न्या. ज्या चौघी तुमच्या पाटीवर बसणार होत्या, त्यांच्यासाठी."

त्यांनी विचारलं, "तुम्हाले हे कोनं सांगतलं?"

मी खरं तेच सांगितलं, की नाव मला माहीत नाही.

परत आल्यावर खर्चाचा अहवाल लिहिला. जेवणाच्या रकान्यात आकडा घातला नाही, 'शांताबाईंच्या घरी' एवढंच लिहिलं. माझ्या आयुष्यात बेरजेत न बसणारा तो पहिला रकाना, आणि तो कुणी खोडला नाही. त्यांची पाटी हंगामभर त्यांचीच राहिली, हे त्यांनी उन्हाळ्यात फोनवर सांगितलं. मी अजूनही उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतो आणि पंख्याचा आवाज अजूनही ऐकू येतो. फक्त प्रार्थनेत नावं घ्यायची वेळ आली की आजारी माणसांची आणि घरच्यांची नावं झाल्यावर मी थोडा थांबतो. एका बाईचं नाव मला घेता येत नाही. मग मी देवाला खूण सांगतो, भिवापूरच्या पुढचा सातरा, शांताबाईंच्या शेजारची पाटी, आणि तिच्यासाठी त्याचे आभार मानतो.