मधल्या भिंतीतला विंडो एसी

एसीच्या फिल्टरमध्ये धूळ साचते तसे आमच्या दुकानात किस्से साचतात. धूळ निदान नळाखाली धुता तरी येते! मालवणात आमचं एसीचं छोटं दुकान आहे. काउंटरवर मी बसते, शिडीवर आमचे हे चढतात. लोकांना वाटतं, एसी निवडायचा म्हणजे टन बघायचे आणि स्टार मोजायचे. छे हो! एसी निवडताना माणसाचं अख्खं घर बाहेर पडतं.

*

एक मास्तर "एसी म्हणजे उधळपट्टी" असं मला सुनावून गेले आणि घाटावरच्या मेव्हण्याच्या सल्ल्याने भलामोठा कूलर घेऊन आले. आठवड्याभरात पुन्हा माझ्यासमोर हजर.

"काय मास्तर, गारवो कसो आसा?"

"गारवो कसलो! आधीच हवा दमट, त्यात ह्यो आणि पाणी फवारता. पापड मऊ पडले, मिठाचां पाणी झालां, आणि बायलेन माका कूलरासकट पडवेर काढल्यान!"

त्याच दिवशी त्यांनी एसी घेतला. दुकानात येताना बायको सोबत होती, त्यामुळे मेव्हण्याचं नाव कोणीच काढलं नाही.

*

मासळी बाजारातल्या रुक्मिणीमावशीने मला खोका फोडायला लावला. मग दोन बोटांनी एसीचं पुढचं झाकण वर केलं आणि वाकून आत बघितलं.

"मावशी, काय बघतंस?"

"कल्ले!"

दीड टनाचा स्प्लिट पसंत पडला. मी बिल करायला घेतलं तर मावशी कमरेवर हात ठेवून उभीच. "आता वर काय घालतंस?"

रोज तिच्या पाटीसमोर बसून "एक बांगडो वर घाल गो" म्हणणारी मीच ना? मुकाट्याने स्टॅबिलायझर घातला. दुसऱ्या दिवशी तिने न मागता एक बांगडा वर घातला. फिट्टंफाट!

*

तोंडवलीच्या एका होमस्टेवाल्याला एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूलाच हवं होतं. यांनी परोपरीने समजावलं, खारी हवा कॉइल खाऊन टाकेल, मागच्या बाजूला लावू. तो ऐकेना. "किनाऱ्यावरसून गिऱ्हायकाक दिसाक होयो ना!"

शेवटी खरं युनिट मागे माडांच्या आडोशाला लावलं, आणि समोर आमच्या भंगारातल्या युनिटचा, आत नुसता पंखा उरलेला खोका टांगला. पुण्याचे एक पाहुणे भलतेच चौकस निघाले. खोक्याखाली उभे राहून म्हणाले, "अहो, याचा पंखाच फिरत नाहीये!"

होमस्टेवाला लगेच शुद्ध मराठीत म्हणाला, "सायलेंट मॉडेल आहे ते!"

*

काजूची बाग असलेल्या एका काकांना कौलारू घरात एसी हवा होता. आधी फॉल्स सीलिंग करा, नाहीतर गारवा कौलांतून जाईल, असं मी हजारदा सांगितलं. काकांनी हट्टाने तसाच लावून घेतला. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"एसी थंड करत नाय काय?" मी विचारलं.

"करता गो! वानरां छपरावरसून उतराकच तयार नाय!"

*

आता वालावलच्या अण्णांचं सांगते. अण्णा दुकानात आले ते ठरवूनच. "विंडोच होयो. आणि मधल्या भिंतीत."

मी म्हटलं, "विंडो एसी मागच्या अंगाने गरम हवा फेकतो. भिंतीपलीकडे काय आहे?"

"काय नाय. मोकळी जागा."

आमचे हे गेले आणि भिंत फोडायला लागले. शेवटची वीट पडली, धूळ बसली, आणि भोकात एक चेहरा दिसला. हातात चहाचा कप! तो अण्णांचा धाकटा भाऊ बाबलो. वाटणी झाली तेव्हा घरात मधे भिंत घातली आणि दोघांचं बोलणं कायमचं तुटलं, हे आम्हाला कोण सांगणार? अण्णांना ती गरम हवा नेमकी त्याच्या अंगावर सोडायची होती!

आता कोयते निघतात, असंच यांना वाटलं.

बाबलो भावाकडे न बघता यांना म्हणाला, "त्याका विचार, रात्रीचो खोकलो कमी झालो काय?"

हे अण्णांकडे वळले. "खोकला कमी झाला का?"

अण्णा खाली बघतच म्हणाले, "त्याका सांग, झालो."

हे पुन्हा भोकाकडे वळले. "झाला म्हणतात."

"मगे त्याका सांग, च्या घेवक ये. थंड होता."

अण्णा काही गेले नाहीत. पण यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. मी अण्णांना फोन करून ठणकावलं, विंडो विसरा, स्प्लिट घ्या, बाहेरचं युनिट परसदारी लावू. ते "बरां" म्हणाले. स्प्लिट लागला. भोक तेवढं बुजवायचं राहिलं, म्हणून मी गवंडी पाठवला. तो तासाभरात हात हलवत परत आला, आणि मागोमाग अण्णांचा फोन.

"एसी झकास आसा गो. गवंड्याक मात्र परत धाडू नको."

"अहो अण्णानू, त्या बुराकातसून सगळी थंड हवा पलीकडे जातली!"

"जांव दी. तेच्याकडे खंय एसी आसा!"