आरतीपासून तोंड फिरवणारी गुणवंती

सज्जनहो, देवावर जीव लावलेले डोळे देवापुढेच मिटतात, तेव्हा दोष कोणाचा, हे विचारण्याचे धैर्य आम्हां कोणालाच झाले नाही. म्हणून परळच्या गुणवंतीची ही हकीकत सांगतो.

शके अठराशे सोळा. तिचा नवरा जयवंत गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा. त्याने हौसेने बारीक पट्ट्यांचे लुगडे आणले. ते नेसून तिने खाली पाहिले मात्र, त्या रेघा पाण्यासारख्या हलू लागल्या. लुगडे पेटीच्या तळाशी गेले. चाळीच्या सज्जातून चालता चालता कठड्याच्या गजांआडून ऊन लपलपले, की ती पदर डोळ्यांवर ओढी. आधी नजरेच्या कडेला लखलखती करवत फिरे, मग अर्धे जग पुसले जाई, मग अर्धे कपाळ ठणके. अर्धशिशी चाळीला नवी नव्हती. सुंठेचा लेप घरोघरी होता. परंतु ज्योती ओवाळू लागताच तोंड फिरवणारी सून कोणी पाहिली नव्हती.

"समईपुढे मी तासभर बसते, आत्याबाई," ती सासूला, राधाबाईंना, म्हणाली. "ती ज्योत स्थिर असते. फिरती ज्योत डोळ्यांत शिरते."

राधाबाई मायाळू होत्या, आणि म्हणूनच भ्याल्या. हिला बाहेरची बाधा आहे, असे शेजारणी उघड बोलू लागल्या होत्या. शेवटी ठरले: रामजन्माची आरती तिने डोळे उघडे ठेवून पाहावी आणि सर्वांदेखत रामनाम घ्यावे. बाधा झालेल्याच्या मुखी ते नाम येत नाही, अशी सर्वांची समजूत. नाम आले तर घर तिचे. न आले तर भाऊ लहू तिला कोकणात माहेरी नेणार.

रामनवमीच्या भर दुपारी पाळणा हलला, गुलाल उधळला, कापूर पेटला, पंचारती फिरू लागली. गुणवंतीने पापणी हलवली नाही. ती करवत उठली असेल, रामाचा अर्धा चेहरा पुसला गेला असेल. ती पाहतच राहिली. राधाबाईंच्या डोळ्यांतून आनंद वाहू लागला.

"आता रामाचे नाव घे, पोरी."

ओठ हलले. जीभ चाचपडली. निघाला तो नुसता अर्थहीन आवाज. हे दुखणे कधीकधी घटकाभर वाचाही झाकून टाकते, हे तेथे कोणाला ठाऊक? माणसे मागे सरली. जयवंत जमिनीकडे पाहत राहिला. राधाबाईंनीच रडत रडत तिचे गाठोडे बांधले.

पुढचे मला लहूने सांगितले. बंदरावर पोहोचेतो तिची वाचा परत आली होती. तो म्हणाला, चल मागे, नाम घेऊन दाखव त्यांना.

"त्यांनी विचारले तेव्हा आले नाही, दादा," ती म्हणाली. "आता कोण ऐकेल?"

बोट सुटली. पाण्यावर ऊन चमचमत होते. पदराने डोळे झाकून ती रामनाम घेत बसली, थेट माहेरचा किनारा येईपर्यंत.