साडूंच्या अंगणातली फुलपाखरं

बडोद्याच्या वाटेवरचं करजण मागे पडलं तेव्हा माझी बायको उषा पुन्हा म्हणाली, "भाऊजींच्या दारात पाऊल टाकलं तरी फुलपाखरं अंगावर येतात म्हणे!" मी उगाचच गाडीचा वेग वाढवला.

भाऊजी म्हणजे माझे साडू, दत्ताजीराव शिर्के. पणजोबा संस्थानच्या फौजेत, हे स्वतः कारखान्यातून निवृत्त. बडोद्यात सुभानपुऱ्याला त्यांचं बैठं घर. नाशिकला माझीही बाग आहे. गुलाब, डेलिया, कापलेली हिरवळ. पण फुलपाखरू चुकून एखादं यायचं आणि कुंपणावरूनच माघारी फिरायचं.

"आवो, आवो! (या, या!)" दत्ताजीराव फाटकातच उभे होते. त्यांची बाग पाहून मी मनात हसलो. लिंबाची पानं कुरतडलेली, कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरलेल्या, आणि रुई तर कोणी अंगणात लावतं का? मला फार बरं वाटलं.

चहा होईपर्यंत उन्हं अंगणात उतरली आणि माझं हसू मावळलं. काळी, शेपटीवाली फुलपाखरं कढीपत्त्याभोवती घिरट्या घालू लागली. नारिंगी पंखांची रुईवर आली, पिवळी-काळी लिंबावर. एक उषाच्या मनगटावर बसलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. हसली ती दुसऱ्याच्या अंगणात, हे मला टोचलं.

"औषध कोणतं मारता?" मी विचारलं.

"औषध मारलं तर संपलंच ने! मीठो लीमडो (कढीपत्ता) ह्या काळ्यांच्या अळ्या खातात, रुई त्या नारिंगींच्या. पोरांच्या खाण्याची सोय असेल तिथेच ती अंडी घालतात. फुलं काय, कुठेही मिळतात."

मला माझा फवारणीचा पंप आठवला. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी ते मला डभोईला घेऊन गेले. किल्ल्याच्या कोरीव दरवाजाजवळ उंच रुई माजली होती. पुढे शेताच्या बांधावर खुळखुळ्याच्या रानझुडपांवर, वाळक्या शेंगांना निळसर पट्ट्यांची फुलपाखरं लगडली होती. मी मुद्दाम पिवळा शर्ट घातला होता. तरी त्यातलं एक उठून दत्ताजीरावांच्याच मळक्या बाहीवर जाऊन बसलं. माझ्या कपाळाला आठी पडली.

संध्याकाळी गाडीवरची तिखटजाळ शेव-उसळ खाताना ते अचानक म्हणाले, "प्रभाकरराव, दिवाळीनंतर आमचं घर पाडणार. सगळी रांगच बिल्डरला दिली. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला गार वाटलं. मग समोर पाहिलं. एवढा बोलका माणूस पाव बशीत नुसता फिरवत होता.

"झाडं तुम्ही घेऊन जा," ते म्हणाले. "मोठी निघणार नाहीत, पण रोपं केलीयेत मी. इथे राहिली तर ढिगाऱ्याखाली जातील."

निघताना मागची सीट कुंड्यांनी भरली. शैलाताईंनी, म्हणजे उषाच्या बहिणीने, प्रत्येक कुंडीला पाणी घातलं आणि आत गेल्या. महामार्गावर चहाला थांबलो तर उषाच्या शालीवर एक पट्टेरी अळी निवांत चालली होती, दुसरी गिअरच्या दांड्यावर. मी दचकून ओरडलो.

चहावाल्याने आत डोकावून विचारलं, "काका, आ जीवडां क्यां लई जाव छो? (हे किडे कुठे नेताय?)"

"घरी," उषा म्हणाली. "पाहुणे आहेत."

त्याने मान हलवली, पण बिस्किटांचा एक रिकामा खोका आणून दिला. त्यात रुईची पानं अंथरून आम्ही अळ्या नाशिकपर्यंत आणल्या.

घरी पोचल्यावर पंप मी माळ्यावर टाकला. डेलियाची पानं कुरतडली गेली, त्याकडे कानाडोळा केला. दिवाळी झाली, आणि एका सकाळी कढीपत्त्याच्या रोपावर काळे पंख थरथरताना दिसले. पाठोपाठ नारिंगी आली. उषा काठी टेकत धावलीच.

त्याच आठवड्यात दत्ताजीरावांचा फोन आला. "आलं का कोणी?"

"आज सकाळपासून अंगण भरलंय."

 पलीकडून, "अरे वा. छान." त्या 'छान'मधला सूर मी लगेच ओळखला. बडोद्यात असताना मी स्वतः तोच सूर लावत होतो. हा क्षण आपल्याला गोड लागेल असं मला तिथे वाटलं होतं. तसा तो लागला नाही. प्रवासातून मी परत आलो होतो आणि त्यांच्याकडे परत येण्यासारखं अंगणच राहिलं नव्हतं.

"दत्ताजीराव," मी म्हणालो, "मला ह्यातलं एकही नीट ओळखता येत नाही. तुम्ही दोघं या. महिनाभर राहा."

"शैलाला विचारतो," ते म्हणाले. आणि फोन कानाशी तसाच ठेवून आतल्या खोलीकडे ओरडले, "अगं, बॅग काढ ने!"