हॅलिवेलची हुर्यो

क्लिफर्ड हॅलिवेलचा घात त्याच्या चेहऱ्यानेच केला. लांब नाक, पातळ ओठ आणि सदा दुसऱ्याच्या खिशावर असल्यासारखी नजर. कापूसगिरणीत पोरवयापासून राबलेल्या बाईचा हा मुलगा. पण नाटकवाल्यांनी जन्मभर त्याच्या पदरात टाकल्या त्या जप्तीवाल्याच्या, सावकाराच्या नि गिरणीमालकाच्या भूमिका. संपकऱ्यांसाठी तो भरपावसात वर्गणीचा डबा घेऊन चौकात उभा राही, कामगारांच्या सभागृहांत फुकट प्रयोग करी. गाव मात्र त्याला ओळखे ते नाताळच्या नाटकातला दुष्ट घरमालक म्हणून. त्या नाटकाची रीतच अशी, की खलनायक आला की पोराथोरांनी त्याची हुर्यो उडवायची आणि तो चिडला की आणखी उडवायची. गावाने हे कर्तव्य वर्षानुवर्षं चोख बजावलं होतं.

अशात नगरपालिकेने टेंटर गल्ली पाडायचं काढलं. क्लिफर्डचा जन्म तिथलाच, आणि त्याची म्हातारी आई, एडा, अजून त्याच घरात राहत होती. चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली तेव्हा तो तावातावाने उठला.

"मंडळी, ही घरं पाडू द्यायची नाहीत!"

मागून कुणीतरी "हूऽऽ" केलं आणि हॉल खदखदून हसला.

"अरे, मी खरं बोलतोय!"

हे तर थेट नाटकातलंच वाटलं. तो लालबुंद झाला तशी मंडळी बाकं बडवू लागली. बरं, कुणाच्या मनात काळंबेरं नाही. प्रेमाने आवळलेला गळा सोडवायचा तरी कसा?

बाहेर गल्लीच्या समितीची डोरीन शॉरॉक सिगरेट पेटवत म्हणाली, "क्लिफ, तोंड पाडू नकोस. पुढच्या आठवड्यात लंडनचा साहेब सुनावणीला येतोय, निकाल त्याच्याच हाती. तू कोण, त्याला काय ठाऊक? तू पाडायच्या बाजूने बोल."

"डोकं फिरलं का तुझं? माझी आई राहते तिथे!"

"म्हणूनच सांगते. साहेब दिसला की आपली माणसं माना खाली घालतात रे. त्यांचा आवाज फुटतो तो तुझ्यापुढेच."

सुनावणीच्या दिवशी तो तसंच बोलला. "ही घरं नव्हेत, उंदरांची बिळं आहेत," असं म्हणताना पुढच्या रांगेतल्या आईकडे बघायचं त्याने टाळलं. हॉलने छप्पर डोक्यावर घेतलं. एकदा घसे मोकळे झाल्यावर माणसं एकामागून एक उठली आणि कधी नव्हे ते साहेबाच्या तोंडावर बोलली. साहेब बिचारा हबकला. एवढा लोकक्षोभ त्याने पाहिला नव्हता.

गल्ली वाचली. रस्त्यात टेबलं मांडली गेली, घराघरांतून मटणाची गरम पॅटिसं आणि चहाच्या किटल्या आल्या. क्लिफर्ड उभा राहिला. एकदाच, आपल्याच माणसांत, आपल्याच तोंडाने बोलायचं होतं त्याला.

"मी तुमचाच आहे," तो म्हणाला. "ते सगळं मी..."

"हूऽऽ!" पहिला आवाज एडाचा. तोंडाचं बोळकं पसरून, लेकाच्या अभिमानाने फुलून गेलेली. "अगं बाई, काय हुबेहूब करतो मेला!"

अख्खी गल्ली तिच्या मागोमाग ओरडली. क्लिफर्डला हुंदका आवरेना, तो टेबल धरून रडू लागला. तेही सगळ्यांना फार आवडलं.