चार दिवस आधीचा वाढदिवस

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातले सगळे वाढदिवस शनिवारी झाले. माझा खरा मंगळवारी होता, लेकीचा गुरुवारी. पण मंगळवारी येतंय कोण? जर्मनीतल्या वाल्डॉर्फ आणि आसपासच्या गावांतली आमची मराठी मंडळी सगळी सॉफ्टवेअरवाली, आठवडाभर मीटिंगांना जुंपलेली. त्यामुळे वाढदिवस कधीही असो, त्याच्या आधीचा शनिवार धरायचा, असा आमच्यात ठरूनच गेलेला नियम. नंतरचा शनिवार का नाही? नंतर करू म्हटलं की ते राहूनच जातं, म्हणून. माझा एकोणतिसावा आम्ही तळ्याकाठी केला. पोरांनी पाण्यात धिंगाणा घातला, बायकांनी भेळ कालवली आणि नवऱ्याने कोळशावर कणसं भाजताना शर्टाची बाही भाजून घेतली. लेक तीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही स्ट्रॉबेरीच्या शेतात गेलो होतो. तिने टोपलीत चार टाकल्या आणि पोटात चाळीस. कुणालाही काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक होती हे मला मान्य आहे, पण वेडेपणा नव्हता.

एप्रिलमध्ये आम्ही त्या घरात आलो होतो. पहिला मजला, दोन खोल्या, मागे सामाईक बाग. इथे भाड्याने घर मिळतं म्हणजे भिंती मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, छताला दिवासुद्धा नाही, नुसत्या तीन वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेला होता. आम्ही दोघं इंजिनिअर, म्हटलं आपणच बसवू, त्यात काय! तीन शनिवार घालवून कपाटं भिंतीला लावली. चौथ्या शनिवारी लक्षात आलं की वरच्या कपाटात ठेवलेली डाळीची बरणी आपोआप सरकतेय.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या. मला वाटलं, आता ठोकाठोकीवरून बोलणी बसणार. पण त्यांनी दारातूनच कपाटाकडे बघितलं, खाली गेल्या आणि पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी घेऊन आल्या. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची होती ती. पट्टी कपाटावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. "गेनाऊ," म्हणाल्या, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि माझ्या नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने मुकाट्याने स्क्रू काढायला घेतले. मला त्या तिथेच आवडल्या.

एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. एकट्याच. सायकलवर बाजारहाट करायच्या, स्टुलावर चढून खिडक्या पुसायच्या. लेक त्यांना पहिल्या आठवड्यापासून ओमा म्हणायला लागली, म्हणजे आजी, आणि मग आम्हीही. मी लेकीला मराठीत हाक मारायचे, ती खालच्या बागेतून जर्मनमध्ये ओरडून सांगायची की येणार नाही. ओमा तिला बेरी खुडायला, पाणी घालायला शिकवत. माझ्या मेथीच्या कुंडीचं त्यांना काही कळत नसे. "तण इतकं जपून वाढवणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय," असं म्हणाल्या होत्या.

आणि मग जूनमध्ये मला नोकरी लागली. हे सांगायला दोन शब्द लागले, पण त्यामागे तीन वर्षं होती. नवऱ्याच्या मागे आले, बाळंतपण झालं, जर्मनच्या परीक्षा दिल्या, आणि अर्जांना 'क्षमस्व' अशी उत्तरं वाचून वाचून त्या भाषेतला तो एक शब्द मला सगळ्यात छान यायला लागला. हायडेलबर्गमधली छोटी कंपनी, टेस्टिंगचं काम, एक ऑगस्टला रुजू व्हायचं. मी स्वयंपाकघरात नाचले. संध्याकाळी किटाला, म्हणजे पाळणाघराला, ईमेल केला. उत्तर आलं की तुमचं नाव यादीत आहे, जागा ऑक्टोबरमध्ये. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे मला नाचता येत होतं, पण अंगणच नव्हतं.

नवरा म्हणाला, "कंपनीला विचारून बघ, ऑक्टोबरपर्यंत थांबतील का."

"तू थांबतोस का ऑक्टोबरपर्यंत? तू बस घरी!" मी त्याच्यावर खेकसले. त्या आठवड्यात मी सगळ्यांवरच खेकसत होते.

ओमांना हे बागेत सांगितलं तेव्हा त्या कात्रीने गुलाब छाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आहे ना. दोन महिने मला काय जड आहेत?" मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, रड, पण त्या वाफ्यावर उभी राहू नकोस.

म्हणून मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. जुलैत त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती, बुधवारी. आपल्याकडे ऐंशी झाली की सहस्रचंद्रदर्शन करतात. माणसाने हजार पौर्णिमा बघितल्या म्हणून त्याला दिव्यांनी ओवाळायचं, केवढी सुंदर गोष्ट! महिन्यांचा काटेकोर हिशेब आणि मुहूर्त आईने फोनवर सांगितला, तो मी सोडून दिला. बुधवारी नवऱ्याचं ऑफिस, बिल्डिंगमधल्या इतरांची कामं. मी शनिवार ठरवला.

"त्यांना विचारलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"सरप्राइज विचारून करतात का?"

शनिवारी त्या बाजारातून यायच्या आत मी बागेतल्या टेबलावर ऐंशी छोट्या मेणबत्त्या मांडून लावल्या. केक केला, वेलची घातलेला. ताम्हनात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. वरच्या मजल्यावरचं जोडपं फक्त अर्ध्या तासासाठी येतो म्हणून आलं. मला आता आठवतं की ती दोघं जरा बिचकून उभी होती, पण तेव्हा वाटलं, जर्मन माणसं, बिचकणारच. फाटकातून सायकल आत आली आणि लेक बेंबीच्या देठापासून ओरडली, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, ओमा!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

ओमांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही. आज नाही!" सायकल तशीच भिंतीला टेकवली, पिशवीसुद्धा काढली नाही. मी ताम्हन घेऊन दोन पावलं पुढे गेले तर त्यांनी हात आडवा धरला, जणू मी विस्तवच घेऊन अंगावर चालले होते. आत गेल्या आणि दाराला आतून किल्ली फिरवल्याचा आवाज आला. लेकीने भोकाड पसरलं. वरच्या मजल्यावरची बाई मला हलकेच म्हणाली, "आधी शुभेच्छा देत नाहीत आमच्याकडे. अशुभ असतं. माणूस त्या दिवसापर्यंत पोहोचत नाही, असं म्हणतात."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी ऐंशी मेणबत्त्या फुंकल्या तेव्हा आधी मला संतापच आला. ज्या देशात प्रत्येक गोष्टीला अर्ज आणि पुरावा लागतो, तिथे हे? शिकलेले लोक! आणि मग आमचे ते शनिवार? आम्ही सगळे ठणठणीत होतो की!

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लहानपणापासून अशीच तू."

"अगं, पण अंधश्रद्धा आहे ती!"

"हो का? दिवस राहिले तेव्हा तीन महिने तू कुणाजवळ तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. बाळाचं एक टोपडं आधी घेऊ दिलं नव्हतं मी तुला. तेव्हा नाही त्याला अंधश्रद्धा म्हणालीस."

मी फोन ठेवून दिला.

रविवारी मी त्यांची बेल वाजवली. उत्तर नाही. आतून रेडिओचा आवाज येत होता, म्हणजे घरात होत्या. चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. आणि वर येऊन, खरं सांगते, पहिला विचार एक ऑगस्टचा आला. आता ओमा लेकीला कशाला सांभाळतील? नोकरी गेली. मग दुसरा विचार आला, की समजा खरंच बुधवारच्या आत त्यांना काही झालं तर? आणि हा विचार एकदा आला तो आलाच. मांजर आडवं गेलं की मुद्दाम पुढे जाणारी मी, त्या रात्री देवापुढे साखर ठेवून झोपले.

सोमवारी भयंकर उकाडा होता. सकाळी नऊ वाजले, दहा वाजले, ओमांच्या खिडक्यांची शटरं खालीच. रोज सातला वर जायची. सायकल शनिवारी टेकवली होती तिथेच. रेडिओ नाही. मी बेल वाजवली, दार ठोकलं, बागेतून हाका मारल्या. नवऱ्याला फोन करून मीटिंगमधून बाहेर काढलं.

"शटरं उघडली नाहीयेत त्यांनी!"

"अगं, छत्तीस डिग्री आहे. सगळ्या गावाची बंद आहेत. ऊन आत येऊ नये म्हणून. तूच एकटी खिडक्या सताड उघड्या टाकून बसलेली असशील."

मी मागे वळून बघितलं. खरंच, आमच्याच खिडक्या उघड्या होत्या. तरी मी म्हटलं, "रुग्णवाहिका बोलावू का?" आणि तेवढ्यात तळघराचा दरवाजा उघडला आणि ओमा बाहेर आल्या. हातात शब्दकोड्याचं पुस्तक, अंगात लोकरी जाकीट. खाली गारव्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जिवंत आहे," म्हणाल्या. "अजून."

मी माफी मागायला लागले, जर्मन वाक्यं उलटीसुलटी व्हायला लागली. त्यांनी बोट वर केलं. "बुधवारी. तीन वाजता. त्याच्या आधी एक शब्द नाही." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चढून घरात गेल्या. एरवी त्या पाच पायऱ्या ओमा तुरुतुरु चढायच्या. मला वाटलं, मी त्यांना दोन दिवसांत म्हातारं केलं.

ऑगस्टबद्दल विचारायचा धीर झाला नाही. मंगळवारी मी कंपनीला लिहायच्या ईमेलचा मसुदा करून ठेवला, 'कौटुंबिक कारणामुळे'.

बुधवारी नवऱ्याने सुट्टी काढली, न सांगता. तीन वाजता आम्ही तिघं खाली गेलो. इथे वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच करायचा असतो. टेबलावर त्यांचा चेरीचा केक होता, चार कप, चार बशा. निळा झगा घातला होता, केस सेट केलेले. मी दारातच उभी राहिले, तोंड उघडायची हिंमत होईना.

"आता म्हणा की!" त्या ओरडल्या. "आता ऐंशी झाले!"

लेक त्यांच्या अंगावर झेपावली. मी वर पळत जाऊन ताम्हन आणलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या, कुंकू लावून घेतलं, निरांजन ओवाळताना मान ज्योतीबरोबर गोल फिरवत होत्या, ते बघून नवऱ्याला हसू आवरेना. मग मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "ओमा, मला माफ करा. तुम्हाला किती भीती वाटली असेल."

"भीती?" त्यांनी केकवर सुरी टेकवली. "मला ऐंशी वर्षं झाली. माझा नवरा गेला, दोन्ही बहिणी गेल्या. मरायची मला कसली भीती?"

"मग दार का लावलंत?"

त्यांनी केक कापला, पहिला तुकडा लेकीच्या बशीत ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं. "या चार दिवसांत मी गेले असते, तर तू ते स्वतःच्या माथी घेतलं असतंस. त्या केकमुळे ओमा मेली, असं म्हणत घरात बसली असतीस. नोकरीवर गेली नसतीस. मी ओळखते तुला. म्हणून चार दिवस सायकल चालवली नाही. स्टुलावर चढले नाही. आंघोळसुद्धा बसून केली. इतकी सांभाळून मी आयुष्यात कधी वागले नव्हते."

चार दिवस मी आधी माझ्या नोकरीची काळजी केली होती आणि मग त्यांच्या जिवाची, याच क्रमाने. आणि खाली त्या माझ्या नोकरीसाठी आपला जीव जपत बसल्या होत्या.

"सकाळी किती वाजता सोडणार आहेस हिला?" त्यांनी विचारलं.

"साडेसातला," मी म्हटलं.

"सातला सोड. बस चुकेल तुझी."